बारक्याची नवी गाडी आणि अण्णांचा बंपर

काल कट्ट्यावर बारक्याने जाहीर केलं की तो गाडी बुक करतोय, आणि कंपनीचं नाव सांगितलं तर आमच्यातल्या दोघांना ते धड उच्चारता पण येईना. नाव इथे लिहीत नाही, कारण भांडण त्या एका कंपनीवरून झालंच नाही, झालं ते असं की जिचं नाव कोणी ऐकलेलं नाही अशी गाडीची कंपनी नव्या देशात जाऊन पाय रोवते कशी, आणि तिच्या पहिल्या हजार गिऱ्हाइकांमध्ये आपण असावं की नसावं.

लंबूला वाद घालायला विषयच हवा असतो. तो सेल्समध्ये आहे, गाड्यांच्या नाही, पण विकणं सगळीकडे सारखंच असं त्याचं ठाम मत. म्हणाला, "बिनधास्त घे. नवीन कंपनी आली की तिला आत शिरायचं असतं, म्हणून ती त्याच पैशात चार गोष्टी जास्त देते. सनरूफ, मोठा स्क्रीन, कॅमेरे. जुन्या कंपन्या यातलं प्रत्येक वेगळं विकतात."

अण्णांनी इतकंच विचारलं, "पुढचा बंपर फुटला तर किती दिवसात मिळतो, विचारलंस का?" अण्णांचं गॅरेज आहे, जगातल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर त्यांना बंपरमध्ये सापडतं. बारक्या गप्प. नव्हतं विचारलं.

"बंपर बघून कोण गाडी घेतं हो अण्णा," लंबू सुटलाच, "किंमत पाडा, लोक येतात. ह्युंदाई अमेरिकेत गेली 1986 मध्ये, एक्सेल घेऊन, 4,995 डॉलरला. नाव कोणाला माहीत नव्हतं. पहिल्याच वर्षी 1 लाख 68 हजारांच्या वर गाड्या गेल्या, बाहेरून येणाऱ्या कुठल्याच कंपनीने पहिल्या वर्षात तोवर एवढं विकलं नव्हतं. झालं?"

मास्तर इतका वेळ गप्प होते, आता चष्मा पुसायला लागले, म्हणजे तयारी. "पुढचं सांग की. त्या गाड्या दोन-तीन वर्षांत कुरकुरायला लागल्या, नाव इतकं खराब झालं की 1998 मध्ये तीच कंपनी वर्षाला लाखभर गाड्या पण विकू शकली नाही. पहिल्या वर्षापेक्षा बाराव्या वर्षी कमी! स्वस्त गाडीने दार उघडलं आणि त्याच गाडीने ते बंद केलं."

मग मास्तरांनी जो किस्सा काढला तो मला सगळ्यात आवडला. माल्कम ब्रिकलिन नावाचा माणूस. याने 1968 मध्ये भागीदारासोबत जपानची सुबारू अमेरिकेत आणली, सुबारू 360 ही छोटी गाडी, किंमत 1,297 डॉलर, इतकी हलकी की सुरक्षेचे नियम तिला लागूच होत नव्हते. 1969 मध्ये ग्राहकांच्या एका मासिकाने तिला सरळ नापास केलं आणि गाड्या शोरूममध्ये पडून राहिल्या. याच माणसाने 1985 मध्ये युगोस्लाव्हियातून युगो नावाची गाडी आणली, 3,990 डॉलरला. म्हणजे माणूस तोच, देश तोच, युक्ती पण तीच, कोणाला माहीत नसलेलं नाव घ्यायचं आणि सगळ्यात स्वस्त लावायचं. युगोचे विनोद झाले, आणणारी कंपनी 1989 मध्ये दिवाळखोरीत गेली, 1992 मध्ये गाडी येणंच बंद झालं. सुबारू आजही तिथे व्यवस्थित चालू आहे.

"का पण?" बारक्याने विचारलं, आणि गाडी घेणारा तोच असल्यामुळे त्याचा प्रश्न सगळ्यांनी सिरियसली घेतला.

मास्तरांचं म्हणणं असं की सुबारूच्या मागे जपानमधली कंपनी होती आणि तिने ती गाडी सोडून दुसऱ्या गाड्या पाठवल्या, त्यात 1975 ची फोर-व्हील ड्राइव्ह स्टेशन वॅगन. बर्फात, डोंगरात राहणाऱ्या लोकांना ट्रक नको होता पण चिखलात न अडकणारी गाडी हवी होती, त्यांना ती बरोबर बसली. पुढे नव्वदच्या दशकात विक्री परत घसरली तेव्हा कंपनीने शोधलं की आपली गाडी जास्त पैसे मोजून नक्की कोण घेतंय, तर निघाले शिक्षक, दवाखान्यात काम करणारे, आयटीवाले, डोंगरात भटकणारे आणि लेस्बियन बायका. मग या पाच गटांसाठीच जाहिराती केल्या. त्या काळात एका गाडीच्या कंपनीने लेस्बियन गिऱ्हाइकांसाठी उघडपणे जाहिरात करणं ही लहान गोष्ट नव्हती. बाकी कंपन्या सगळ्यांना आवडायच्या मागे होत्या, सुबारूला थोड्या लोकांना खूप आवडलेलं पुरलं.

"शिक्षक पहिले," मास्तर म्हणाले. त्यांना त्याचं जरा जास्तच कौतुक वाटत होतं.

लंबू हरणाऱ्यातला नाही. म्हणाला ठीक आहे, किंमत सोडा, मग जुनं नाव विकत घ्या. शांघायच्या साइक या गाडी कंपनीच्या हातात 2007 मध्ये ब्रिटनचं एमजी आलं. लोकांना आजोबांच्या स्पोर्ट्स कार आठवल्या, अर्धं काम झालं. यावर मास्तरांनी परत टाचणी लावली, की 2011 मध्ये एमजी 6 घेऊन ते ब्रिटनमध्ये परत उतरले आणि 2013 मध्ये अख्ख्या वर्षात विकल्या जेमतेम पाचशे गाड्या. पाचशे! नाव तेच, आठवणी त्याच. पुढे स्वस्त एसयूव्ही आल्या, इलेक्ट्रिक आल्या, सात वर्षांची वॉरंटी आली, तेव्हा 2023 मध्ये आकडा 80 हजारांच्या वर गेला. तर जुन्या नावामुळे लोक थांबून वळून बघतात एवढं खरं, पण पाकीट काढत नाहीत.

इथे ताई आली. ताई म्हणजे सगळ्यांचीच ताई, एका लीजिंग कंपनीत आहे, म्हणजे महिन्याच्या हप्त्यावर गाडी काही वर्षं वापरायला द्यायची आणि मग परत घेऊन विकायची, आणि तिने येऊन दोन मिनिटं ऐकलं आणि आमच्या सगळ्या गप्पांची हवा काढली.

"तुम्ही सगळे नवीन गाडीच्या किमतीवर भांडताय," ती म्हणाली, "आम्ही ऑफिसमध्ये ती किंमत शेवटी बघतो. आधी बघतो ती तीन वर्षांनी कितीला जाईल. समज एक ओळखीची गाडी 100 रुपयांची, तीन वर्षांनी 60 ला जाते. तुझी नवी कंपनी तीच गाडी 80 ला देते पण नाव नसल्यामुळे तीन वर्षांनी 32 च मिळतात. पहिल्या गाडीत तुझे 40 गेले, स्वस्त गाडीत 48. म्हणजे स्वस्त गाडीचा महिन्याचा हप्ता जास्त बसतो, आणि गिऱ्हाईक विचारतं असं कसं."

असं कसं हे आम्हाला पण दोनदा समजावून घ्यावं लागलं.

आणि मग तिने सांगितलं की नव्या कंपन्या स्वतःच्या पायावर धोंडा कसा पाडून घेतात. सुरुवातीला आकडा दाखवायचा असतो, वरून प्रेशर असतं, मग भाड्याने गाड्या देणाऱ्या कंपन्यांना मोठ्या सवलतीत ठोक माल द्यायचा. विक्रीचा आलेख झकास दिसतो. वर्ष-दीड वर्षाने त्या सगळ्या गाड्या एकदम सेकंडहँड बाजारात येतात, भाव कोसळतो, आणि ज्या माणसाने पूर्ण पैसे देऊन गाडी घेतली होती त्याची किंमत रात्रीत उतरते. नव्या गाडीवर अचानक मोठी सूट दिली तरी तेच, कालचा गिऱ्हाईक आज मूर्ख ठरतो. आणि पहिली काही वर्षं तुमची जाहिरात म्हणजे हाच माणूस असतो, शेजारी त्यालाच विचारणार ना, की कशी आहे गाडी.

मला वाटतं काल सगळ्यात मुद्द्याचं बोललं गेलं ते हेच, आणि तिथून मला एक सूत्र दिसायला लागलं. अनोळखी गाडी घेताना माणूस घाबरतो ते गाडीला नाही, मी एकटा पडेन याला. बिघडली तर कोण, विकायची वेळ आली तर कोण घेणार, कंपनीच निघून गेली तर काय. हे ओझं कोणीतरी उचलायचंच असतं. कंपनी उचलत नसेल तर ते गिऱ्हाइकाच्या डोक्यावर, आणि स्वस्त किंमत म्हणजे ते ओझं वाहण्याची मजुरी, दुसरं काय.

मी हे बोलून दाखवलं तर लंबू म्हणाला, "मग वॉरंटी द्या, विषय संपला." आणि खरंच, ह्युंदाईने तेच केलं. 1998 मध्ये, जेव्हा लोक हसत होते, तेव्हा अमेरिकेत इंजिन-गिअरबॉक्सवर दहा वर्षं किंवा एक लाख मैलांची वॉरंटी जाहीर केली. गिऱ्हाइकाला धीर मिळाला हे एक, पण अण्णांनी दुसरी बाजू सांगितली जी माझ्या डोक्यात आली नव्हती. "दहा वर्षं लिहून दिल्यावर खराब पार्टचा खर्च कंपनीच्या खिशातून जातो. मग कारखान्यात क्वालिटीवाला ओरडला तर त्याचं ऐकतात. नाहीतर एरवी कोण ऐकतंय त्याचं."

ताईने तिथेही बारीक अक्षरं वाचली. ती दहा वर्षं पहिल्या मालकालाच, दुसऱ्याला पाच वर्षं, साठ हजार मैल. म्हणजे विकताना निम्मं संरक्षण गळून पडतं. किआने 2007 मध्ये युरोपात सीड गाडीवर सात वर्षांची दिली ती गाडीबरोबर पुढच्या मालकाकडे जाते, त्यामुळे तीन वर्षं जुनी गाडी घेणाऱ्याला पण चार वर्षं मिळतात, आणि तिथेच जुन्या गाडीचा भाव धरून राहतो. शिवाय ती गाडी बनत होती स्लोव्हाकियात, झिलिनाला, म्हणजे कारखाना पण तिथेच टाकलेला.

"कारखाना टाकला म्हणजे पळून जाणार नाहीत," बारक्या खूश होऊन म्हणाला.

मास्तर म्हणाले, असं काही नसतं बाळा. फोर्ड ब्राझीलमध्ये 1919 पासून होती आणि 2021 मध्ये तिथले कारखाने बंद करून मोकळी झाली. बाहिया राज्यातला कामासारीचा कारखाना पुढे घेतला कोणी, तर चीनच्या बीवायडीने, जिचं नाव तोवर तिथल्या गाडीवाल्यांना फारसं माहीत नव्हतं. यावर दोन मिनिटं कोणी काहीच बोललं नाही.

ओझं उचलण्याचा सगळ्यात भारी नमुना मात्र परत ह्युंदाईचाच. 2009 च्या सुरुवातीला अमेरिकेत धडाधड नोकऱ्या जात होत्या, लोकांकडे पैसे होते तरी हप्ता डोक्यावर घ्यायची हिंमत नव्हती. सगळ्या कंपन्या सूट देत होत्या. यांनी सांगितलं, आमची गाडी घ्या, वर्षभरात नोकरी गेली तर गाडी परत आणून द्या. त्या वर्षी तिथला सगळा बाजार साधारण 21 टक्क्यांनी पडला आणि यांची विक्री 8 टक्क्यांनी वाढली. गाड्या परत आल्या अगदीच थोड्या. लंबू हे ऐकून बराच वेळ मान हलवत होता, सेल्सवाल्याला सेल्सवाल्याचं कौतुक.

पण अण्णा बंपर सोडायला तयार नाहीत. "कागदावर वॉरंटी आहे आणि पार्ट जहाजात आहे, तर त्या कागदाचं काय करू?" त्यांच्याकडे एक गाडी आली होती, कुठल्या कंपनीची ते सोडा, बाजूचा आरसा तुटलेला, फक्त आरसा, आणि तो यायला अडीच महिने लागले. मालक रोज फोन करायचा, आणि रोज भेटेल त्या प्रत्येकाला सांगायचा. अण्णांचा हिशोब असा की त्या एका आरशाने निदान दहा गाड्यांची विक्री मारली असेल, आणि कंपनीच्या कुठल्याच रिपोर्टमध्ये ते कधी येणार नाही.

आणि याला जोड द्यायला मास्तरांकडे टोयोटा तयारच होती. आज हसू येतं, पण 1958 मध्ये अमेरिकेत टोयोटाने अख्ख्या वर्षात 288 गाड्या विकल्या, त्यातल्या 287 टोयोपेट क्राऊन आणि एक लँड क्रूझर. क्राऊन तिथल्या हायवेवर तापायची, चढाला धापा टाकायची. कंपनीने पुढच्या दोन-तीन वर्षांत ती गाडी मागे घेतली, पण दुकान बंद केलं नाही. लँड क्रूझर थोड्या थोड्या विकत डीलर जिवंत ठेवले आणि 1965 मध्ये त्या रस्त्यांना झेपेल अशी कोरोना आणली. मधली ती पाच-सहा वर्षं कोणी लक्षात ठेवत नाही. आणि त्या 288 गाड्यांच्या वर्षानंतर तीसेक वर्षांनी त्याच टोयोटाने महागड्या गाड्यांसाठी लेक्सस हे कोरं नाव काढलं, 1989 चा सप्टेंबर. डिसेंबरमध्ये मोजक्या तक्रारींवरून सुमारे 8,000 गाड्या परत तपासायला घेतल्या. लोकांच्या घरून गाड्या उचलल्या, दुरुस्त केल्या, धुतल्या, टाकी भरून परत दिल्या, वीस दिवसांत सगळं. महागड्या गाडीत पहिल्याच वर्षी दोष निघाला म्हणजे नाव संपायला हवं होतं, उलट लोक ते कौतुकाने सांगत फिरले.

"टाकी भरून?" अण्णांनी दोनदा विचारलं.

लंबूने जाता जाता ब्रिटनमधल्या देवूचा दाखला दिला, 1995, मधले डीलरच काढून टाकले, सगळ्यांना एकच किंमत, तीन वर्षं सर्व्हिस फुकट, आणि साल संपेपर्यंत जवळजवळ एक टक्का बाजार हातात. कल्पना खरंच चांगली होती. पण तिकडे कोरियात मूळ कंपनीच कर्जात बुडाली. मग इथलं दुकान कितीही चकाचक असलं तरी काय उपयोग, असं मास्तर म्हणाले आणि लंबू म्हणाला तो दोष कल्पनेचा नाही, आणि ते दोघं त्याच्यावरून अजून वीस मिनिटं भांडले, ते मी लिहीत नाही.

शेवटी बारक्याने ठरवलं की बुकिंग आठवडाभर थांबवायचं. तोवर सर्व्हिस सेंटरला जाऊन तीन गोष्टी विचारायच्या, वॉरंटी दुसऱ्या मालकाला जाते का, पार्ट्सचं गोडाऊन देशात आहे की बाहेर, आणि अर्थात पुढचा बंपर. ताई म्हणाली पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या दोन-तीन मालकांशी पण बोल, शोरूममध्ये नको, बाहेर. अण्णांनी निघताना परत हाक मारली, "अरे, बंपरची नुसती किंमत नको विचारू, तारीख विचार. आणि लिहून घे."

आज सकाळी बारक्याचा ग्रुपवर मेसेज आला. बंपर स्टॉकमध्ये आहे, रंग सोडून.