आयजीसीएसई ‘बाद’ झालेली नाही

जीसीएसई ही इंग्लंडमधली साधारण आपल्या दहावीच्या पातळीची परीक्षा; आयजीसीएसई हे तिचे आंतरराष्ट्रीय रूप. पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘ब्रिटिश सरकारने आयजीसीएसई रद्द केली, ती जीसीएसईपेक्षा सोपी आहे, तिथली विद्यापीठे ती धरत नाहीत.’ यात सत्याचा अंश आहे, म्हणूनच तो पटतो.

खरे काय घडले? 2017 पासून इंग्लंडमध्ये नव्या, 9 ते 1 श्रेणींच्या (9 सर्वोच्च) जीसीएसई आल्या. त्याबरोबर शाळांची तुलना करणाऱ्या सरकारी निकाल-तक्त्यांतून आयजीसीएसई टप्प्याटप्प्याने वगळली गेली. तक्ता शाळेचा असतो, मुलाचे प्रमाणपत्र नव्हे! म्हणून तर आयजीसीएसई घेणाऱ्या नामांकित खासगी शाळाही त्या तक्त्यांत तळाला दिसू लागल्या. त्यांच्या मुलांचे विद्यापीठ-प्रवेश काही अडलेले नाहीत. विद्यापीठे दोन्ही परीक्षा धरतात.

‘सोपी’ हा शब्द मात्र फसवा आहे; फरक आहे तो रचनेचा. जीसीएसईच्या इंग्रजी साहित्यात शेक्सपिअर सक्तीचा, केंब्रिज या परीक्षा मंडळाच्या आयजीसीएसईत तो टाळता येतो. विज्ञानात केंब्रिज प्रात्यक्षिकाऐवजी लेखी पर्यायी पेपरही देते. जिथे प्रयोगशाळा धड नाही, त्या शाळांची त्याने सोय होते.

पुण्या-मुंबईतल्या पालकांनी मेसेजपेक्षा वेगळेच तपासावे: पाल्य ‘कोअर’ला (मूलभूत स्तराला) बसतोय की ‘एक्स्टेंडेड’ला (वरच्या स्तराला)? कोअरमध्ये पेपर कितीही उत्तम लिहिला तरी सी श्रेणीच्या वर जाता येत नाही. पुढे ए-लेव्हलला (अकरावी-बारावीच्या पातळीला) गणित घ्यायचे असेल, तर हा प्रश्न शाळेला नववीतच विचारा.