शेऱ्याचा रकाना

मांजराची पिल्लं कायमचं घर मिळेपर्यंत सांभाळायला आणणारी माणसं फार प्रेमळ असतात, असा एक गैरसमज आहे. प्रेमळ माणसं रील्सना बदाम टाकतात आणि झोपतात. पिल्लं आमच्यासारख्यांच्या गळ्यात पडतात, ज्यांना फोनवर ‘नाही’ म्हणता येत नाही. त्यातून शेल्टरच्या ताई ‘सांभाळाल का?’ असं कधीच विचारत नाहीत. ‘तुमच्या बाल्कनीला जाळी आहे ना?’ एवढंच विचारतात. आम्ही ती कबुतरांसाठी लावली होती हो!

खोक्यात दोन पट्टेरी आणि एक काळं, अशी तीन पिल्लं निघाली. ‘आई सोडून गेली’ म्हणून कुणीतरी पार्किंगमधून उचलून आणलेली. सासूबाईंनी उभ्या उभ्या निकाल दिला, “सोडून कसली जातेय? मांजर पिल्लांना सात घरं फिरवतं. ती बिचारी पुढचं घर बघायला गेली असेल, तेवढ्यात यांनी उचलली!” आणि त्यांचं अगदी बरोबर होतं. पिल्लं दिसली तर हात लावू नका, लांबून काही तास वाट बघा, आई बहुधा परत येते, हे शेल्टरवालेही सांगून थकलेत. पण खोकं आता आमच्या डायनिंग टेबलवर होतं.

निकाल देऊन होईतो सासूबाईंनी बशीत गाईचं दूध आणलं. ते पिल्लांना पचत नाही, जुलाब होतात आणि एवढ्याशा जिवाच्या ते जिवावर बेततं, हे सांगताना मला धर्म बुडवल्यासारखं वाटलं. त्यांच्यासाठी वेगळी पावडर मिळते. तिची किंमत मी घरात अजून सांगितलेली नाही. शिवाय पिल्लाला तान्ह्या बाळासारखं उताणं धरून पाजायचं नाही. पालथंच ठेवायचं, नाहीतर दूध फुप्फुसात जातं. दोन मुलं वाढवलेल्या बाईला हे ऐकवायला छाती लागते. मी नवऱ्याला पुढे केलं.

पाजायचं दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. पण पाजणं सोपं. खरी परीक्षा त्यानंतर. पहिले तीनेक आठवडे पिल्लाला आपली आपण शू करता येत नाही. आई चाटते तेव्हा होते. आई नसेल तर कोमट पाण्यात बुडवलेला कापसाचा बोळा घेऊन आपण आई व्हायचं. एकदा पहाटे उठले, तर नवरा बेसिनपाशी उभा. डाव्या तळहातावर काळं पिल्लू, उजव्या हातात बोळा आणि तोंडाने तालात ‘शूऽऽ, शूऽऽ’.

“अरे, ती बोळ्याने होते, आवाजाने नाही.”

“माहितीये. पण नुसतंच कसं उभं राहायचं?”

थोड्या वेळाने “झाली! झाली!” असा घोष झाला. सकाळी खालच्या मजल्यावरच्या काकूंनी जिन्यात गाठून विचारलं, “काय झालं गं, मुलगा की मुलगी?” तेही ठरत नव्हतं. एवढ्याशा पिल्लात ते ओळखताना भलेभले चुकतात.

रोज वजन. दिवसाला साधारण दहा-पंधरा ग्रॅम वाढलं पाहिजे. वाढलं नाही तर लगेच डॉक्टरांना फोन. काट्यावर कुणी टिकेना, म्हणून पुरणाची चाळण ठेवून तिच्यात बसवायचो. चाळणीवरचा हक्क सासूबाईंनी कायमचा सोडला. नवऱ्याने वही घातली: तारीख, वजन, किती मिली प्यायलं.

मध्यंतरी कुत्र्याची पिल्लंही येऊन गेली. त्याबद्दल एवढंच सांगते की आमच्या सोफ्याला पूर्वी चार पाय होते.

मग लसी झाल्या आणि घेणाऱ्यांचे फोन सुरू झाले. “पर्शियन आहे का?” “उंदीर धरेल ना?” “डोळे निळेच राहतील ना?” (राहत नाहीत. सगळ्यांचेच आधी निळे असतात.) पट्टेरी जोडी लगेच गेली. काळ्याला कुणी विचारेना. एका बाईंनी तर साडीच्या दुकानात बसल्यासारखं विचारलं, “यात ब्राउन नाही का?”

शेवटी एक काका आले. बँकेतून निवृत्त, जन्मभर ऑडिट केलेले. खरं तर उलटतपासणी आम्ही घेतो: खिडक्यांना जाळी आहे का, वेळेवर नसबंदी कराल का. काकांनी सगळ्याला “हो” म्हटलं, चष्मा बदलला आणि वही मागितली. पिल्लाकडे अजून बघितलंही नव्हतं.

“मंगळवारी ३१२, बुधवारी ३०४. घट कशामुळे?”

“काट्यावर ठेवायच्या आधी शी झाली होती त्याची.”

“मग शेऱ्याच्या रकान्यात तसं लिहायला हवं.”

“शेऱ्याचा रकानाच नाहीये, काका.”

काकांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की मी मुकाट्याने पट्टी आणून दिली. त्यांनी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत रकाना आखला, बुधवारसमोर सुवाच्य अक्षरात ‘शी’ लिहिलं आणि खाली नवऱ्याची सही घेतली. काळं पिल्लू एव्हाना त्यांच्या कापडी पिशवीत शिरून झोपलं होतं. काकांनी घड्याळ पाहिलं आणि तीही नोंद केली.