तलवार हातात होती, पण ऐकत नव्हती

परवा तळघर आवरताना जुना वी सापडला, निन्टेन्डोचं गेम खेळायचं यंत्र. रिमोट, दुसऱ्या हातात धरायचा नंचक, गुंडाळलेल्या वायरी आणि गेमची एकच डबी: रेड स्टील. बाकीचे गेम कुणाकुणाला देऊन टाकले, हा मात्र ना विकला ना दिला. वीस वर्षं होत आली तरी याच्यावरचा राग गेलेला नाही. तो का गेला नाही हे एकदा नीट लिहायचंय.

सप्टेंबर २००५ मध्ये निन्टेन्डोचे तेव्हाचे अध्यक्ष सातोरू इवातांनी टोकियोत तो रिमोट दाखवला आणि माझ्यासारख्यांच्या डोक्यात एकच चित्र पक्कं बसलं: मनगट फिरवलं की तलवारीचं पातं फिरणार. पुढे रेड स्टीलची छायाचित्रं आली. जपानी याकुझा म्हणजे गुंडांच्या टोळ्या, एका दृश्यात हातात पिस्तूल, दुसऱ्या दृश्यात कटाना ही जपानी तलवार. १९ नोव्हेंबर २००६ ला अमेरिकेत वी विक्रीला आला. मी तेव्हा न्यू जर्सीत होतो, नोकरी नवीन होती. थंडीत रांग लावून २५० डॉलरचा वी घेतला, वर ५० डॉलर देऊन हा गेम.

पहिला तास पिस्तुलाचा. नेम धरायला मजा येत होती, हे कबूल करतो. पण मागून गोळ्या आल्या की वळायचं कसं? नेमाचं चिन्ह पडद्याच्या कडेपर्यंत न्यायचं, मग कुठे नजर हळूहळू वळणार. म्हणजे नेम धरणं आणि मान वळवणं ही दोन्ही कामं त्याच एका हाताची. वळेपर्यंत मरण यायचं. दुरून नेम साधायचा तर रिमोट टीव्हीकडे पुढे ढकलायचा आणि हात अधांतरी धरून ठेवायचा. अर्ध्या तासात खांदा भरून यायचा.

मग पहिलं तलवारीचं द्वंद्व आलं. मी तिरका वार केला, पडद्यावर आडवा झाला. हळू फिरवला, काहीच झालं नाही. जोरात फिरवला, तर आधीच ठरवून ठेवलेला एक वार आपला आपण झाला. त्या वेळी आई भारतातून आली होती. सोफ्यावर बसून बघत होती. म्हणाली, "अरे, तू हात एकीकडे फिरवतोस आणि ती तलवार भलतीकडेच जाते." गेममधलं तिला काही कळत नव्हतं, पण नेमकं दुखणं तिने एका वाक्यात सांगितलं.

कारण नंतर वाचलं. टीव्हीवर ठेवतात त्या पट्टीला सगळे सेन्सर म्हणतात, पण तिच्यात फक्त इन्फ्रारेड दिवे असतात. बघणारा कॅमेरा रिमोटच्या टोकाला. (म्हणूनच आईने टीव्हीशेजारच्या देवघरात निरांजन लावलं की आमचा नेम भरकटायचा. ज्योतीतूनही तसाच इन्फ्रारेड उजेड येतो.) रिमोट पडद्यावरून बाजूला गेला की कॅमेरा आंधळा. उरतो फक्त त्वरण मोजणारा सेन्सर. त्याला झटका कळतो, पण मनगट किती वळलं हे नीट कळत नाही. तलवार फिरवताना तर रिमोट पडद्यावरून हटतोच. हे बनवणाऱ्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक असणार, आणि तरी तलवार विकली. माझा राग तेवढ्यासाठी आहे. यंत्राची मर्यादा मला मान्य आहे. तिच्यावर पांघरूण घालून लोकांच्या सगळ्यात मोठ्या आशेवर पैसे घेणं मान्य नाही.

आणि या गेममध्ये चांगल्या कल्पना होत्या हो! हरलेल्या प्रतिस्पर्ध्याला मारायचं की जीवदान द्यायचं, हे आपण ठरवायचं. म्होरक्याच्या हातातलं हत्यार उडवलं की त्याची माणसं शरण यायची. माणूस न मारता जिंकता येणारे असे गोळीबाराचे गेम तेव्हा किती होते? एवढं सुचलेल्या लोकांनी आणखी वर्षभर थांबायला हवं होतं.

२००९ मध्ये मोशनप्लस आलं, रिमोटला खाली जोडायचा छोटा चौकोन. त्यात वळणं मोजणारा जायरोस्कोप होता. मार्च २०१० मध्ये रेड स्टील २ आला, आणि तो मोशनप्लसशिवाय चालतच नसे. मी मनगट तिरकं केलं, वार तिरका झाला. हळू मारला तर हलका, जोरात मारला तर भारी. खूप वेळ मी शत्रूला सोडून हवेतच वार करत उभा होतो. पण सोबत खेळायला कुणी नव्हतं. ज्या मित्रांबरोबर २००६ मध्ये रांग लावली होती, त्यांनी आपापले वी केव्हाच विकून टाकले होते.