लिंगनबेरीची जागा ताटाच्या डावीकडे

नात्यातल्या आणि सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांतून सध्या लिंगनबेरी या उत्तर युरोपातल्या लहान लाल फळाविषयीचा एक लांबलचक मजकूर फिरतो आहे. तो सांगतो, हे ‘स्वीडनचे करवंद’ असून क्रॅनबेरी म्हणतात ती हीच. क जीवनसत्त्वात याची बरोबरी करणारे फळ नाही. प्रिझर्व्हेटिव्ह न घालता वर्षभर टिकते, म्हणजे ते रसायनमुक्त आहे. याचा जॅम रोज दोन चमचे घेतला की रक्तातली साखर आणि वजन उतरते. लघवीच्या मार्गाचा जंतुसंसर्ग बरा होतो. पानांचा काढा कितीही दिवस घेतला तरी अपाय नाही. आणि रोप कुंडीत लावले तर आपल्याकडेही फळे धरतात, असे सगळे त्यात म्हटले आहे. सांगलीला राहणाऱ्या माझ्या मावशीने, जिला पंधरा वर्षे मधुमेह आहे, तो वाचून नवी मुंबईहून जॅमची बरणी मागवली आणि मला फोनवर विचारले, “अगं, येताना त्याची वाळलेली पाने आणशील का?” मी स्वीडनमधल्या उप्सालाजवळ राहते, दर सप्टेंबरात ही फळे स्वतः तोडते आणि वर्षभर आवडीने खाते. त्या फळाच्या नावावर एका मधुमेही बाईला रोज साखर चाटवली जावी याचा मला संताप आला, आणि म्हणून त्या मजकुरातला एकेक मुद्दा तपासून लिहीत आहे.

पहिला मुद्दा ओळखीचा. लिंगनबेरीचे शास्त्रीय नाव व्हॅक्सिनियम व्हायटिस-आयडिया. ते 1753 मध्ये उप्सालाच्याच कार्ल लिनेअस या वनस्पतिशास्त्रज्ञाने दिले. हे ब्लूबेरीच्या आणि ऱ्होडोडेंड्रॉनच्या कुळातले, जेमतेम वीतभर उंचीचे, बाराही महिने हिरवे राहणारे झुडूप आहे. करवंद अगदी वेगळ्या कुळातले, कण्हेर आणि सदाफुलीचे भाऊबंद. फरक पाहायला सूक्ष्मदर्शक लागत नाही. करवंद देठापासून तोडले की पांढरा चीक बोटांना लागतो आणि जाळीत हात घातला की काटे ओरबाडतात. लिंगनबेरीला ना चीक, ना काटा. फळ उलटे धरून पाहिले तर पेरूच्या बुडाशी असते तसे निदलाचे लहानसे मुकुट लिंगनबेरीच्या टोकाला दिसते. करवंदाला ते नसते. क्रॅनबेरी मात्र खरोखर हिची जवळची बहीण आहे, पण बहीणच. क्रॅनबेरीच्या बारीक वेली दलदलीत जमिनीलगत सरपटतात आणि अमेरिकेत तिची मोठी शेती होते. लिंगनबेरी पाइनच्या जंगलात, कोरड्या शेवाळी जमिनीवर उभी वाढते आणि बाजारात येणारा तिचा बहुतेक माल रानातून तोडलेला असतो. हा भेद पुढे औषधाच्या मुद्द्यात कामाला येणार आहे.

क जीवनसत्त्वाचा दावा तर सरळच चुकीचा आहे. शंभर ग्रॅम लिंगनबेरीत ते दहा मिलिग्रॅमच्या आसपास असते. आपल्या पेरूत दोनशेच्या घरात असते आणि आवळा त्याच्याही पुढे जातो. इतके दूर जायलाही नको. उत्तरेकडच्या त्याच थंडीत येणारी क्लाउडबेरी या बाबतीत लिंगनबेरीला कितीतरी मागे टाकते.

टिकण्याबद्दल मात्र थांबून सांगायला हवे, कारण इथे मजकुरातले निरीक्षण खरे आहे आणि निष्कर्ष बरोबर उलटा काढलेला आहे. स्वीडनमध्ये साखर महाग होती त्या काळी खेड्यापाड्यांतल्या बायका ही फळे निवडून बरणीत भरत, वरून नुसते थंड पाणी ओतत आणि बरणी तळघरात ठेवून देत. ‘वत्तलिंगोन’, म्हणजे पाण्यातली लिंगोन, अशी हिवाळाभर टिके. ना मीठ, ना साखर, ना तेल. आमच्या शेजारच्या आजींनी मला हे करून दाखवले तेव्हा, पाण्यात घातलेले फळ चार दिवसांत नासते हे लहानपणापासून मनात बसलेले असल्यामुळे, माझा विश्वास बसेना. पण मार्च उजाडला तरी त्या बरणीतली फळे टणक होती आणि पाणी गुलाबी, स्वच्छ होते. याचे कारण असे की लिंगनबेरीत बेंझोइक आम्ल जात्याच असते, किलोमागे साधारण एक ग्रॅमच्या आसपास, आणि फळ मुळातच आंबट असल्यामुळे ते आम्ल बुरशीवर आणि यीस्टवर चांगले काम करते. सरबताच्या किंवा सॉसच्या बाटलीवर आपण ‘सोडियम बेंझोएट’, क्रमांक 211, असे वाचतो ते याच आम्लाचे लवण. म्हणजे बाहेरून प्रिझर्व्हेटिव्ह घालावे लागत नाही, कारण झाडाने ते आधीच घातलेले असते. तेव्हा हे फळ रसायनमुक्त आहे हे म्हणणे खोटे आहे. त्यातले रसायन घाबरण्यासारखे नाही हे म्हणणे खरे, पण मग बाटलीवरच्या त्याच नावालाही तेवढ्याच शांतपणे घ्यावे लागेल.

आता जॅम आणि मधुमेह. नुसती लिंगनबेरी तोंडात टाकली तर आंबट, तुरट आणि किंचित कडू लागते. साखरेशिवाय ती फारसे कोणी खात नाही. घरी आम्ही ‘रोरोर्दा लिंगोन’ करतो, म्हणजे कच्ची फळे न शिजवता साखरेबरोबर ढवळत राहायचे, साखर विरघळेपर्यंत. त्यात किलोभर फळांना चार-पाचशे ग्रॅम साखर सहज जाते आणि विकतच्या जॅममध्ये ती त्याहून कमी असेल असे समजू नये. बरणीमागचा घटकांचा कागद वाचला तर फळाच्या पाठोपाठ साखरच सापडते. मग वजन उतरण्याची गोष्ट आली कुठून? स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठात चरबीयुक्त आहारावर ठेवलेल्या उंदरांना तेरा आठवडे वेगवेगळ्या बेरी खाऊ घातल्या होत्या आणि लिंगनबेरी खाणाऱ्या उंदरांचे वजन कमी वाढले, त्यांच्या रक्तातली साखरही आटोक्यात राहिली. हा अभ्यास 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. तो चांगला अभ्यास आहे. पण त्या उंदरांच्या अन्नाचा पाचवा हिस्सा सुकवलेली, बिनसाखरेची लिंगनबेरी होती. माणसाच्या जेवणाचा पाचवा हिस्सा ते फळ झाले तर काय होईल हे त्यावरून ठरत नाही, आणि साखरेच्या पाकातले दोन चमचे घेतल्याने काय होईल हे तर मुळीच नाही. मावशीला मी आधी हेच सांगितले: तू गोळी चालू ठेवून वर रोज साखर खाते आहेस.

जंतुसंसर्गाच्या दाव्यामागेही एक खरा अभ्यास आहे आणि तो फिनलंडमधला, 2001 सालचा. ई. कोलाय जंतूंमुळे लघवीच्या मार्गाचा संसर्ग होऊन गेलेल्या दीडशे स्त्रियांचे तीन गट करून एका गटाला सहा महिने रोज 50 मिलिलिटर क्रॅनबेरी-लिंगनबेरीचा रस दिला, दुसऱ्याला लॅक्टोबॅसिलस या दह्यातल्यासारख्या उपकारक जंतूंचे पेय आणि तिसऱ्याला काहीच नाही. सहा महिन्यांत पुन्हा संसर्ग झाला तो अनुक्रमे 16, 39 आणि 36 टक्के स्त्रियांना. आकडे लक्षणीय आहेत, पण तीन गोष्टी मजकुरात गाळल्या आहेत. त्या रसात क्रॅनबेरी लिंगनबेरीच्या कितीतरी पट होती, म्हणून श्रेय कोणाचे हे सांगता येत नाही. कोण काय पिते आहे हे सर्वांना माहीत होते. आणि मोजले गेले ते पुन्हा होणारा संसर्ग टळणे. झालेला संसर्ग बरा करणे नव्हे. ताप, कंबरदुखी आणि जळजळ सुरू झाल्यावर रस पीत घरी बसणे मूत्रपिंडाच्या जिवावर बेतू शकते आणि मधुमेह असेल तर धोका आणखी वाढतो.

पानांच्या काढ्याबाबत मी सर्वांत ठाम आहे. रशियात आणि उत्तर युरोपात लिंगनबेरीची पाने लघवीच्या तक्रारींवर वापरण्याची जुनी रीत आहे हे खरे. बेअरबेरी या त्याच कुळातल्या झुडपाच्या पानांऐवजी ती घेतली जात. दोन्हींत आर्ब्युटिन नावाचे द्रव्य असते आणि त्यापासून शरीरात हायड्रोक्विनोन तयार होते. काढ्याचा जो काही उपयोग आहे तो त्यामुळेच, आणि अपायही त्यामुळेच. म्हणून बेअरबेरीच्या पानांबाबत युरोपातली अधिकृत सूचना अशी आहे की ती आठवड्यापेक्षा जास्त घेऊ नयेत आणि गरोदर, अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांना व मुलांना देऊ नयेत. तोच घटक असलेल्या पानांना ‘कितीही दिवस’ म्हणणे बेजबाबदारपणाचे आहे. शिवाय वाळलेल्या पुडीत नेमके काय आहे हे कोण पाहणार? लिंगनबेरीचे पान चिवट असते, त्याच्या कडा खाली किंचित वळलेल्या असतात आणि पाठीवर बारीक काळपट ठिपके असतात. बेअरबेरीच्या पानाला ते ठिपके नसतात, शिरांची जाळी दिसते. चुरा केलेल्या पुडीत हे ओळखता येत नाही.

कुंडीचा दावा लवकर आटोपतो. या झाडाला आम्लधर्मी जमीन, मुळांशी सहजीवन करणारी बुरशी आणि कित्येक महिन्यांची कडक थंडी लागते. बर्फाखाली ते उणे तापमानात सुखाने राहते. सांगलीच्या गच्चीवर एप्रिल त्याला काढता येणार नाही. ज्यांना स्वतःच्या अंगणातले आंबट फळ हवे, त्यांनी करवंदाची जाळी लावावी.

आणि करवंदाशी तुलना करायचीच तर ती वनस्पतिशास्त्रात नको, ताटात करावी. तिथे ती मला अगदी पटते. स्वीडनमध्ये मांसाचे गोळे, रक्ताची खीमट वडी किंवा बटाट्याच्या किसाची धिरडी यांच्या कडेला, फिनलंडमध्ये परतलेल्या रेनडियरच्या मांसाशेजारी लिंगनबेरी वाढतात ती चमचाभर, जड आणि तेलकट घासाला आंबट-तुरट धार यावी म्हणून. आपण कच्च्या करवंदांचे लोणचे पानाच्या डाव्या बाजूला वाढतो तेच हे काम. डावीकडचा पदार्थ पोट भरायला कोणी खात नाही, आणि औषध म्हणून तर नाहीच.

मावशीसाठी पाने मी नेणार नाही. बरणी फेकायला ती तयार नाही, तेव्हा आमचे ठरले आहे की थालीपीठ लावले त्या दिवशी कडेला अर्धा चमचा घ्यायचा, तोही दिवसाच्या साखरेच्या हिशेबात धरून, आणि उरलेली बरणी नातवंडांना द्यायची.