ऑल-इन-वनमध्ये आय७ बसवायचाय? मग विचार कसला करताय

घरातला ऑल-इन-वन पीसी, म्हणजे स्क्रीनच्या मागेच अख्खा कॉम्प्युटर बसवलेला, स्लो झाला की एक पथ्य पाळायचं, विंडोजमध्ये कुठल्या भागावर किती ताण आहे ते दाखवणारा टास्क मॅनेजर अजिबात उघडायचा नाही. कारण तिथे डिस्क १०० टक्के आणि सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, बिचारा १०-१२ टक्क्यांवर निवांत बसलेला दिसतो, आणि एकदा ते दिसलं की आय७, म्हणजे इंटेलचा भारीतला प्रोसेसर, घ्यायची सगळी मजाच जाते. त्यापेक्षा सरळ ठरवून टाका की प्रोसेसर जुना झालाय. चार लोकांत सांगायलाही बरं पडतं. "प्रोसेसर बदलला" म्हटलं की साडू कान टवकारतो, "एसएसडी टाकली", म्हणजे हार्डडिस्कच्या जागी चिपवाली डिस्क, म्हटलं की "बरं बरं" करून परत चहाकडे वळतो. आता ५४०० आरपीएमची हार्डडिस्क सेकंदाला कशीबशी १०० एमबीच्या आसपास वाचते, साधी साटा एसएसडी ५०० च्या वर जाते, आणि विंडोज चालू होताना ज्या हजारो बारक्या फायली वाचाव्या लागतात तिथे तर तुलनाच नको, हे सगळं खरंय हो, पण एवढ्याशा पैशात प्रॉब्लेम सुटला तर त्याला काय अपग्रेड म्हणायचं का?

तर प्रोसेसरच. आणि आत आधीचा कुठला आहे, कसा बसवलाय, ते आधी बघायचं नाही. सीपीयू-झेड नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात पॅकेज अशी एक ओळ असते, तिथे एलजीए ११५१ वगैरे दिसलं तर प्रोसेसर सॉकेटमध्ये आहे, निघतो, आणि बीजीए दिसलं तर तो बोर्डाला कायमचा सोल्डर केलेला आहे. दोन मिनिटांचं काम. म्हणूनच नको, दोन मिनिटांत निकाल लागला तर रविवार कसा जाणार? मॉडेलच्या शेवटी यू असेल, आय३-७०२०यू, आय५-७२००यू असं काही, तर तो लॅपटॉपचाच प्रोसेसर. स्क्रीन तेवीस इंची आहे म्हणजे मागे काहीतरी भारी असणार असं आपण समजतो आणि कंपनीने निम्म्या वेळा लॅपटॉपचा बोर्डच मोठ्या स्क्रीनमागे लपवून त्याला स्टँड लावलेला असतो. पण हे ज्ञान डबा उघडल्यावर झालेलं बरं, जास्त लक्षात राहतं.

खरेदीला मुंबईतला कॉम्प्युटरचा बाजार, लॅमिंग्टन रोडच. दुकानदार विचारेल, "साहेब, बोर्ड कुठला आहे?" सांगायचं, "पांढरा आहे, तेवीस इंची." तो एकदा तुमच्याकडे बघेल, एकदा काउंटरवरच्या पोऱ्याकडे बघेल आणि म्हणेल, "घेतल्यावर रिटर्न नाही होणार हां." घ्या. एवढा प्रामाणिक इशारा देणारा माणूस दिवसभरात दुसरा भेटणार नाही, तरीही घ्या.

ज्यांच्या मशिनमध्ये खरोखर सॉकेट आहे त्यांनी खूश व्हायची घाई करू नये, त्यांच्यासाठी वेगळी सोय आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, विंडोज ११ ला इंटेलचा निदान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो, तुमचा सहाव्या पिढीचा, मग हिशोब सोपा, सहावा काढा, आठवा घाला. पिनासुद्धा ११५१ च आहेत दोघांना! इंटेलने २०१७ मध्ये हा आठवा आणला तेव्हा सॉकेटचं माप तेच ठेवलं, आतलं वायरिंग तेवढं बदललं आणि त्याला ३०० सिरीजचा चिपसेट, म्हणजे पर्यायाने नवा बोर्डच, सक्तीचा केला. त्यामुळे जुन्या बोर्डात तो मस्त बसतो, खटका छान लागतो, फक्त पीसी चालू होत नाही.

मग उरतो त्याच पिढीतला आय७. इथेही एक शहाणा पर्याय आहे, तो टाळायचा. तुमच्याकडे आय५-६५००टी असेल तर त्याच्याच घरातला आय७-६७००टी सेकंडहँड मिळतो, तोही ३५ वॉटचा, बायोसच्या, म्हणजे बोर्डातल्या मूळ सॉफ्टवेअरच्या, यादीत असेल तर गुपचूप चालतो. पण नावात टी म्हणजे काहीतरी कमी, असं वाटतंच ना? मग साधा ६७०० घ्या, ६५ वॉटचा. आत एक चपटा पंखा आणि बोटाएवढ्या रुंदीची तांब्याची पट्टी, तीही ३५ वॉटच्या हिशोबाने बसवलेली, आणि त्याच अडॅप्टरवर स्क्रीनपण चालते. प्रोसेसर तापतो, तापला की स्वतःच स्पीड कमी करतो, आणि जास्तीचे पैसे देऊन तुम्ही परत होता तिथेच, फक्त आता पंख्याचा आवाज बाहेरच्या खोलीत ऐकू येतो.

आता उघडायचं. वायर काढलीय का ते मात्र खरंच बघा, तेवढी मस्करी नाही. मग पलंगावर चादर, त्यावर स्क्रीन पालथी, आणि हातात स्वयंपाकघरातली सुरी. प्लास्टिकची पातळ पट्टी वापरा म्हणतात, पण ती शोधायला कोण जाणार. कव्हरचे क्लिप निघताना कट् असा आवाज येतो, तुटतानाही अगदी तस्साच येतो, त्यामुळे मन खाण्याचं कारण नाही. स्क्रीन सुटली की उत्साहात एकदम उचला, तिची चपटी केबल अजून बोर्डाला लागलेली असते हे मग समजतंच. प्रोसेसरची उष्णता तांब्याच्या पट्टीकडे नेणारी थर्मल पेस्ट लावताना हात आखडू नका, पोळीवर तूप सोडावं तशी कडेने ओघळेपर्यंत जाऊ द्या.

आयमॅक, म्हणजे ॲपलचा ऑल-इन-वन, असणाऱ्यांचा थाट निराळा. २०११ पर्यंत पुढची काच लोहचुंबकावर होती, सक्शन कप लावला की निघायची. ते फारच सोपं होतंय म्हणून की काय, २०१२ च्या शेवटी आलेल्या पातळ मॉडेलपासून स्क्रीन चिकटपट्टीने डकवायला लागले. म्हणजे कापून काढा, काम करा, नवी पट्टी आणून परत चिकटवा. २७ इंचीत सॉकेट असायचं, पण बोर्डाच्या पाठीमागे, अख्खा बोर्ड बाहेर काढल्याशिवाय दर्शन नाही. २०२१ च्या एम१ चिपवाल्या आयमॅकमध्ये तर प्रोसेसर, ग्राफिक्स आणि रॅम एकाच पॅकेजमध्ये, त्यामुळे त्या लोकांना रविवारी दुसरं काहीतरी शोधावं लागतं.

अडलंच तर कॉम्प्युटर इंजिनियरिंगला असलेल्या भाच्याला बोलवा. त्याने आयुष्यात फक्त कोडिंग केलंय, पण ते आपण ऐकून घ्यायचं नाही.

"मामा, हा निघणार नाही. सोल्डर केलाय."

"अरे मग सोल्डर काढ की. कॉलेजात शिकवतात काय तुम्हाला?"

खाली १३५६ सोल्डरचे गोळे असतात, त्याला वेगळं मशीन लागतं, एवढं करून बायोसने नव्या प्रोसेसरला ओळख दाखवली पाहिजे, आणि होणाऱ्या खर्चात दुसरा वापरलेला पीसी येईल, असं तो सांगत बसेल. हल्लीची पोरं फार निगेटिव्ह.

सगळं जोडून झाल्यावर स्क्रीन काळी आली तर घाबरू नका. साधा डेस्कटॉप असता तर शेजाऱ्याचा मॉनिटर लावून बघता आलं असतं, इथे बऱ्याच मॉडेलला बाहेर सिग्नल द्यायची सोयच नाही. आणि बोर्ड गेला तरी स्क्रीन चांगली आहे, मॉनिटर म्हणून वापरू, असं मनात आलं असेल तर तेही बहुतेक वेळा नाही, त्याला वेगळा कंट्रोलर बोर्ड लागतो. सगळं एकात घेतलं होतं ना, मग जातानाही सगळं एकदमच जाणार.

मग फोटो काढायचा, मागची तुटकी बाजू भिंतीकडे, आणि जाहिरात टाकायची: "ऑल-इन-वन पीसी, २३ इंच, घरगुती वापर, फक्त मेल बघायला. किरकोळ काम बाकी. आय७ प्रोसेसरसहित." प्रोसेसर वेगळ्या डबीत आहे, हे गिऱ्हाईक घरी आल्यावर सांगा.