रस्त्याचा खर्च आटोक्यात ठेवण्याचे हमखास उपाय

आमच्या तालुक्याच्या रस्त्याला पुन्हा सुप्रमा, म्हणजे वाढलेल्या खर्चाला सुधारित प्रशासकीय मान्यता, मिळाली. त्याच आठवड्यात कापूस भरलेल्या माझ्या पिकअपच्या कमानपाट्याचं पान त्याच रस्त्याच्या डायव्हर्शनवर तुटलं. मेकॅनिक येईपर्यंत उन्हात बसून सुचलेले हे उपाय साहेबांनी मनावर घ्यावेत.

जमीन ताब्यात यायच्या आधीच खोदकाम सुरू करा. सातबारावरचे वारस गोळा होईपर्यंत खड्डे तरी तयार राहतात.

विजेचे खांब आणि नळयोजनेची पाइपलाइन सगळ्यात शेवटी हलवा.

सगळ्यात कमी दर भरणाऱ्यालाच काम द्या. तो मध्येच पळाला की आश्चर्य व्यक्त करा.

मातीची तपासणी तर अजिबात नको. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, हे आमच्याकडे वावरात ढोरं राखणारं पोरगंही सांगतं. ती काढून मुरूम भरावा लागतो, नाहीतर चुना मिसळून तिची खोड मोडावी लागते. अंदाजपत्रकात मात्र हे नसतं. एक पावसाळा जातो, भराव खचतो, मग फाइलवर येतं, ‘अनपेक्षित परिस्थिती’. यवतमाळ जिल्ह्यात काळी माती अनपेक्षित! मग मुरूम वाढतो. जवळची टेकडी संपली म्हणून लांबून आणायचा, म्हणजे लीड, वाहतुकीचं अंतर, वाढली. तोवर नवी दरसूची येते, की पुन्हा सुप्रमा. गोसीखुर्द धरण ३७२ कोटींवरून हजारो कोटींवर गेलेलं पाहिलेली माणसं आम्ही, आम्हाला कशाला हिशेब सांगता?

अमरावती-अकोला मार्गावर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत झालं, जागतिक विक्रम झाला. तोच रस्ता त्याआधी किती वर्षं रखडला होता, हे विचारू नये.

काऊन जी साहेब, लाज कशी वाटत नाही? डांबर महागलं, सिमेंट महागलं म्हणता. मुदतीत काम केलं असतं तर जुन्याच भावात झालं असतं ना! ठेकेदाराला भाववाढ मिळते. माझ्या पाट्याचे पैसे कोण देणार? उशिरा पोचलेल्या कापसाला व्यापाऱ्यानं पाडून भाव दिला, तो फरक कोणत्या सुप्रमात बसतो? बाळंतिणीला घेऊन १०८ याच धुळीतून जाते. जमीन घ्या, खांब हलवा, माती तपासा आणि मग जेसीबी लावा. यात न समजण्यासारखं काय आहे? आणि डायव्हर्शनवर रोज पाणी मारल्याचं बिल निघतं म्हणे. तो टँकर एकदा गावात आणून दाखवा.