नुसत्या मिथेनॉलचा खड्डा कुठंय?

कडुलिंब, तुळस, अडुळशाच्या पानांचा अर्क रोगजंतू मारतो, मग अँटिबायोटिक हवंच कशाला, असं लेखात म्हटलंय. पहिलं वाक्य ठीक. दुसऱ्यावर मात्र अडलो.

नाशिकला बीएस्सीला असताना हाच प्रयोग आम्ही केला होता. गंगापूर रोडवरची कडुलिंबाची पानं सावलीत वाळवली, मिक्सरमधून काढली, निम्मी पूड पाण्यात, निम्मी मिथेनॉल या अल्कोहोलमध्ये भिजवली. प्लेटमधल्या अगारवर, म्हणजे जंतू वाढवायच्या जेलीवर, स्टॅफिलोकॉकस ऑरियस हे जंतू पसरून तिच्यात खड्डे पाडले, त्यात अर्क, आणि ३७ अंशांवर रात्रभर. सकाळी मिथेनॉलच्या अर्काभोवती छान स्वच्छ वर्तुळ, म्हणजे तिथं जंतू वाढलेच नाहीत! आम्ही पट्टी लावून मिलिमीटर मोजतोय, तर सर म्हणाले, "नुसत्या मिथेनॉलचा खड्डा कुठंय?" घातलाच नव्हता. जंतू पानानं मेले की मिथेनॉलनं, कोण सांगणार? सगळं पहिल्यापासून.

दुसऱ्या खेपेला वर्तुळ आलं, पण लहान. पाण्याच्या अर्काचं जेमतेम. ई. कोलाय या दुसऱ्या जंतूवर तर काहीच नाही. तो ग्रॅम-निगेटिव्ह गटातला; या गटातल्या जंतूंना बाहेरून आणखी एक पापुद्रा असतो, तो बरेच पदार्थ आत शिरू देत नाही.

आणि घरचा काढा पाण्यातलाच असतो ना? (आमची आजी खोकल्याला अडुळसा द्यायची, आराम पडायचा, ते नाकारत नाही.) पण प्लेटवर अर्क थेट जंतूला भिडतो, प्यायलेला आतड्यातून, यकृतातून जाऊन रक्तात किती उरतो, हा हिशेब वेगळा. लेखकांनी निदान एमआयसी, म्हणजे जंतूंची वाढ थांबवणारी किमान मात्रा, आणि तुलनेला कुठलं अँटिबायोटिक ठेवलं होतं, एवढं तरी सांगावं.